शनिवारची, रविवारी सकाळी

इंग्लंडमधली पहिली दोन वर्षं मी काकांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून काढली. पुढची सीट काकूंची. ती त्यांनी कधी कुणाला दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.

काका माझे सख्खे सोडा, चुलत-मावस कुठलेच काका नव्हते. माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांनी त्यांना पुण्याहून एक फोन केला होता, "आमच्यातली एक मुलगी तिकडे येतेय, बरोबर नवरा आहे, लहान पोर आहे, तेवढं बघा." एवढ्या ओळखीवर हा सदुसष्ट वर्षांचा माणूस नॉटिंगहॅमहून हीथ्रोला आला. जायला अडीच तास, यायला अडीच तास. गाडीत थर्मासमध्ये चहा होता, काकूंनी दिलेला पोळी-भाजीचा डबा होता आणि आमच्या चार वर्षांच्या मुलीसाठी कुणाकडून तरी मागून आणलेली सीट होती. गाडी सुरू करण्याआधी काकांनी आम्हा तिघांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. माझ्या नवऱ्याचा दोनदा पाहिला. नवरा कानात पुटपुटला, "हे आपल्याला नेतायत की बांधून घालतायत?"

काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ होते. तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी माणसं झोपवली आणि, ते स्वतः म्हणत तसं, 'सगळी परत उठवली'. नॉटिंगहॅमच्या बीस्टन भागात, आमच्याच रस्त्यावर, आमच्यापासून चौथं घर त्यांचं. मुलंबाळं नव्हती. त्यामुळे रस्त्यावरची सगळी मराठी मुलं त्यांचीच, आणि मुलांचे आईबापही. कुणाला कौन्सिलच्या ऑफिसात न्या, कुणाला गादी आणायला न्या, कुणाच्या सासूला स्टेशनवरून घेऊन या. 'नाही' हा शब्द त्यांना येत होता की नाही मला शंका आहे. आमच्याकडे गाडी नव्हती, कारण लायसन्स नव्हतं. माझा नवरा टेस्टमध्ये दोनदा नापास झाला होता, आणि मी 'आधी तू तर पास हो' या सबबीखाली सुखात होते.

दर शनिवारी संध्याकाळी काकांकडे बैठक असे. बायकापुरुष, पोरंटोरं, सगळी. काकूंची मटार उसळ, कुणीतरी आणलेले सामोसे, गाणी, पत्ते आणि व्हिस्की. काकांचा आग्रह म्हणजे जुन्या लग्नातल्या जिलबीच्या पंगतीचा आग्रह. फक्त ताटाच्या जागी ग्लास. तुम्ही ग्लासवर आडवा हात धरलात की ते बोटांच्या फटीतून ओतायला तयार. मापाचं भांडं घरात नव्हतं. पाहुण्याला मोजून द्यायचं हे त्यांना पटतच नसे. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, ऑपरेशन थिएटरमध्येही असंच अंदाजे ओतत होता का?"

"तिथे पेशंटला झोपवायचं असायचं," ते म्हणाले. "इथे माणसाला जागं ठेवायचंय."

पण एका बाबतीत हा माणूस दगड होता. ज्याने एक घोट घेतला त्याला त्यांच्या घरातून गाडी घेऊन जाता येत नसे. दारातच ते किल्ली मागून घेत आणि स्वतःच्या झब्ब्याच्या खिशात टाकत. मग दिवाणखान्यात गाद्या पडत. लेस्टर, डर्बीहून आलेली कुटुंबं तिथेच आडवी होत. कुणी हुज्जत घातली, "काका, दोनच तर घेतलेत, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे," की काका हसायचे थांबत. नोकरीच्या काळात, लोक पबमधून घरी निघायच्या वेळेला त्यांना हॉस्पिटलमधून किती वेळा बोलावणं आलं होतं, आणि टेबलावर त्यांच्यासमोर काय आणून ठेवलेलं असे, हे ते फार सांगत नसत. एकदाच म्हणाले, "प्यायलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो रे. समोरच्या गाडीतली माणसं मी उठवू शकलो नाही." त्यानंतर हुज्जत घालणाऱ्याने गपचूप किल्ली दिली. आमच्या सगळ्यांच्या नजरेत पिऊन गाडी चालवण्याच्या विरुद्ध इंग्लंडात एवढा कडवा दुसरा माणूस नव्हता, आणि आहे असं मला आजही वाटत नाही.

रविवारी सकाळी काका साडेसातला उठत. रात्री कितीही वाजलेले असोत. कडकडीत पाण्याने आंघोळ, देवपूजा, कपाळाला गंध, इस्त्रीचा शर्ट. काकू पोहे करत. दिवाणखान्यातली मंडळी डोळे चोळत उठत, पोहे खात आणि आपापल्या किल्ल्या घेऊन आपापल्या घरी जात. काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आंघोळ झाली की काल संपला." आंघोळीनंतर ते दारूच्या बाटलीला शिवतसुद्धा नसत. कपाटातून काही काढायचं झालं तर काकूंना सांगत. आंघोळीनंतर माणूस शुद्ध, हे आपल्या हाडीमाशी इतकं खिळलेलं आहे की त्यात शंका घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी तर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते. दिवसभर लोकांच्या रक्तात काय किती आहे हे मोजणं हाच माझा धंदा.

रविवारी सव्वानऊला काका मुलांना डर्बीच्या मराठी वर्गाला नेत. आमची मुलगी, आणि रस्त्याच्या टोकाला राहणारी दोन भावंडं. भाऊ आठ वर्षांचा, बहीण सहाची, आमच्या मुलीएवढी. त्यांची आई नागपूरची, डॉक्टर, बहुतेक रविवारी ड्यूटीवर. वडील लंडनला नोकरीला, एक आड एक वीकेंडला येत. काकांनी स्वतः जाऊन तिघांसाठी तीन बूस्टर सीट आणल्या होत्या. पेपरमिंटच्या गोळ्या उजव्या खिशात. मोबाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात, बंद करून ठेवलेला, कारण तो इमर्जन्सीसाठी होता. मुलांना मराठी वर्ग फारसा आवडत नसे, पण वर्गाला जाणं फार आवडे.

त्या नोव्हेंबरमध्ये काकांचा कॉलेजातला मित्र अमेरिकेहून आला. तीस वर्षांनी भेट. शनिवारी सातलाच बैठक सुरू झाली. मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलातले किस्से निघाले, दोघं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते, आणि काकांच्या डोळ्यांत हसता हसता पाणी येत होतं. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही बरीच घेतली. दोन वाजता आम्ही घरी निघालो, चालत, तेव्हा मी काकूंबरोबर ग्लास विसळून ठेवले होते. एक बाटली रिकामी होती, दुसरी निम्म्याच्या खाली गेली होती, आणि त्या दोन्ही काका आणि मित्राच्याच होत्या. बाकीच्यांसाठी वेगळी होती.

सकाळी नवरा उठेना. डोक्यावर उशी घेऊन "पडदा लाव" एवढंच म्हणत होता. मी मुलीचं आवरलं, दप्तर भरलं, तिला खाली नेलं. काका गाडीपाशी उभे होते. ताजे, गुळगुळीत दाढी केलेले, कपाळाला गंध, डोक्यावर ती चौकड्यांची टोपी. नागपूरकरांची दोघं मागे पट्टे लावून बसली होती. काका आमच्या मुलीला सीटवर बसवायला वाकले आणि तिचा पट्टा ओढून पाहू लागले. पाण्याची बाटली द्यायला मीही वाकले.

आधी चंदनाच्या साबणाचा वास आला. मग उदबत्तीचा. आणि त्याच्या खालून, अगदी स्पष्ट, शनिवारचा.

मी लॅबवाली. मी ठरवून हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. अंगातून दारू जाते ती साधारण तासाला एक युनिट, म्हणजे पंचवीस मिलीचा एक छोटा पेग, थोडं इकडेतिकडे. पाऊण बाटली व्हिस्की म्हणजे वीस-एकवीस युनिट. काल सातपासून आज सव्वानऊपर्यंत चौदा तास. म्हणजे सहा-सात युनिट अजून शिल्लक. आत्ता कुणी या माणसाच्या हातात तीन मोठे ग्लास देऊन ते पाचेक मिनिटांत संपवायला लावले असते, तर त्याला कुणी गाडीत बसू दिलं नसतं, आणि सगळ्यात आधी त्याने स्वतः दिलं नसतं. माझा नवरा काकांच्या निम्म्या वयाचा, त्याने काकांच्या निम्मी घेतलेली, आणि तो अजून आडवा होता. हे सगळं माझ्यासमोर इतके रविवार घडत होतं, आणि मी गच्चीवरून कावळे बघावेत तशी बघत होते.

काकांच्या हातातून किल्ली पडली. ते वाकले, उचलली आणि हसले. "वय झालं," म्हणाले, जरा मोठ्याने.

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. 'काका, तुमची उतरलेली नाही. किल्ली द्या.' एवढंच. मी तोंडाने फटकळ आहे, माझ्या सासरी माझ्या या गुणावर स्वतंत्र चर्चा होते. पण ज्या माणसाने मला हीथ्रोवरून आणलं, माझ्या मुलीच्या तापात अख्खी रात्र खुर्चीवर बसून काढली, त्याच्या गंध लावलेल्या कपाळाकडे बघून जीभ उचलेना. मी म्हटलं, "काका, हिला आज नको न्यायला. अंग गरम लागतंय."

काकांनी उलटा हात मुलीच्या कपाळावर ठेवला. मग गळ्याला लावला. क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"हं," ते म्हणाले. "मग राहू दे." आणि तिचा पट्टा सोडला.

मी मुलीला उचलून पेव्हमेंटवर घेतलं. मागच्या सीटवरून ती दोन्ही भावंडं माझ्याकडे बघत होती. धाकटीने विचारलं, "ती का नाही येत?" मी म्हटलं, "तिला बरं नाहीये." मग मी गाडीचं दार लावलं. मीच लावलं. आणि हात हलवून टाटा केला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत माझी मुलगी भोकाड पसरून सांगत होती, "पण मला ताप नाहीये, आई! मला ताप नाहीये!"

घरात आल्यावर मी तिला टीव्हीसमोर बसवलं आणि खिडकीत उभी राहिले. पहिली दहा मिनिटं मला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं, हे सांगायला मला आजही लाज वाटते. मग ती दोन तोंडं डोळ्यांसमोरून हलेनात. डर्बीचा तो मोठा रस्ता, सुसाट जाणाऱ्या गाड्या, आणि प्रत्येक आयलंडवर, म्हणजे गोल चौकात, उजवीकडे बघून क्षणात ठरवायचं की आता जायचं की थांबायचं. मी काकांचा मोबाईल लावला. तो कप्प्यात बंद. वर्गाच्या बाईंच्या घरी लावला. त्या वर्गात. मुलांच्या आईला लावायला नंबर समोर होता. वॉर्डात फोन करून काय सांगणार? की तुझ्या मुलांच्या जिवाला धोका आहे हे मला सव्वानऊला कळलं होतं, आणि माझीला मी उतरवून घेतलं? मी रिसीव्हर ठेवला. पोलिसांचंही मनात आलं. गाडीचा नंबर मला पाठ होता. तोही फोन मी केला नाही.

अकराला मी मुलीला घेऊन काकूंकडे गेले. त्या कालची भांडी जागच्या जागी लावत होत्या. मी पुसायला लागले. मग एकदम म्हटलं, "काकू, काकांची सकाळी उतरलेली नसते."

काकूंनी हातातला कुकर खाली ठेवला. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस? तीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसते आहे. रविवारी सकाळी गाडी निघाली की मनातल्या मनात रामरक्षा सुरू करते. आजवर रामाने राखलं."

"आणि त्यांना काही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं गं. एकदा. म्हणाले, आंघोळ झाली आहे, मला काय झालंय?" काकूंनी पदराला हात पुसले. "आज मी बरोबर गेले नाही. पाहुण्यांचा नाश्ता होता." म्हणजे आज त्या गाडीत रामरक्षा म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं.

वर्ग साडेबाराला सुटे. सव्वाला गाडी परत येई. सव्वा झाला, दीड झाला. दोन वाजता काकूंनी देवाजवळ दिवा लावला, भर दुपारी. अमेरिकेचे पाहुणे वर झोपले होते. अडीचला मी कोट चढवून रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक चंदेरी गाडीकडे बघत राहिले. मी त्या अर्ध्या तासात कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले ते सांगत नाही, कारण त्यातलं निम्मंही नंतर फेडलं नाही.

तीनला ती आली. चालत. बस स्टॉपच्या बाजूने, काका मधे आणि दोन हातांना दोन पोरं. थोरल्याने मला लांबूनच बघितलं आणि हात सोडून पळत आला.

"मावशी! आम्ही डबलडेकर बस घेतला! वरचा, फ्रंट सीट! दोन वेळा! आणि मधे बस चुकला, तर आजोबांनी चिप्स दिला!"

मी खाली बसले आणि त्याला मिठी मारली. धाकटीलाही ओढून घेतलं. त्यांना वाटलं, मावशीला बसचं फारच कौतुक. काका शेजारी उभे होते. टोपी हातात, गंध पुसट झालेलं, आणि पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. "चल," ते म्हणाले, "चहा टाक."

मुलांना काकूंनी वरण-भात वाढला. काका आणि मी मागच्या खोलीत बसलो. त्यांनी टेबलावरचं एक जुनं पाकीट उलटं केलं, पेन काढलं आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. "मांड. लॅबवाली आहेस ना. काल सातपासून. पाऊण बाटली धर, मी खोटं सांगणार नाही."

मी मांडलं. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, औषधाचा डोस तपासावा तशी.

"म्हणजे मला गाडी चालवायला हरकत कधी नाही?"

"आज संध्याकाळी पाचच्या पुढे, काका. अगदी खात्रीने हवं तर आज नाहीच."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. "म्हणजे अजूनही आहे," ते हळूच म्हणाले. "आणि आंघोळीने किती जाते?"

"काहीच नाही."

"पोह्यांनी? चहाने? झोपेने?"

"तेवढा वेळ जातो, तेवढीच जाते. बाकी कशाने नाही."

"हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस," काका म्हणाले. "मी हेच तर केलं जन्मभर. कुणाच्या अंगात काय, किती वेळ राहतं. पेशंटला सकाळी टेबलावर घेताना आदल्या रात्रीचं सगळं विचारायचो. स्वतःला कधी विचारलं नाही." आणि मग म्हणाले, "तुझ्या पोरीचं कपाळ थंडगार होतं. ही फटकळ बाई, कधी खोटं बोलत नाही, आज का बोलली? दुसऱ्या आयलंडपर्यंत तोच विचार. मग कळलं. लायब्ररीच्या मागे गाडी लावली आणि पोरांना म्हटलं, आज आपण गंमत करू."

माझे डोळे भरून आले. असा माणूस. दुसरा कुणी असता तर त्याला राग आला असता, त्याने मनात खुन्नस धरली असती. याने गाडी लावली आणि दोन पोरांना घेऊन थंडीत बसची वाट बघत उभा राहिला.

त्या रविवारनंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या, त्या इथेच सांगून टाकते. काकांनी मापाचं स्टीलचं भांडं आणलं आणि त्यावरून आम्ही त्यांना वर्षभर छळलं. बाटली दहाला बंद होऊ लागली. रविवारी ज्याला मुलांना न्यायचं असेल त्याचं नाव आठवडाभर आधी काकूंच्या फ्रिजवर लागे, आणि तो शनिवारी बैठकीत कोकम सरबत घेऊन बसे. त्याला आग्रह करायचा नाही, आणि 'एकाने काय होतंय' म्हणायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. काकांचं नाव असलं की तेही सरबतच घेत आणि गाणी मात्र नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणत. मुक्कामाला राहिलेल्या मंडळींना किल्ल्या पोह्यांबरोबर मिळेनाशा झाल्या, जेवणानंतर मिळू लागल्या. ज्याने जास्त घेतली असेल त्याला संध्याकाळी चहानंतर. कुणी कुरकुर केली की काका उलटं पाकीट आणि पेन त्याच्यापुढे ठेवत. काकूंनी चौसष्टाव्या वर्षी मोटरवेवर गाडी चालवायला सुरुवात केली आणि काका शेजारच्या सीटवर गेले. मी पहिल्याच टेस्टला पास झाले. नवरा चौथ्यांदा.

पण त्या दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. चहा संपला होता. पलीकडच्या खोलीत ती दोघं माझ्या मुलीला डबलडेकरची सगळी गोष्ट पुन्हा सांगत होती आणि ती हिरमुसून ऐकत होती. मी कप उचलायला उठले, तेव्हा काका म्हणाले, "बस जरा. एक विचारतो, रागावू नकोस."

मी बसले.

"तुझ्या लेकीला उतरवून घेतलंस. बरोबर केलंस, मी असतो तर तेच केलं असतं. या दोघांचं तू काय ठरवलं होतंस?"

मी टेबलावरचे दोन कप एकात एक ठेवले.

"मी प्यायलेला होतो, बाळ," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. माझ्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "तू शुद्धीवर होतीस."

मग ते उठले आणि खुंटीवरचा कोट काढायला गेले. "त्यांची आई चारला येते. मी जाऊन तिला सगळं सांगणार आहे. ती यापुढे मुलं माझ्याकडे पाठवणार नसेल, तर तो तिचा हक्क आहे. तुझं नाव मी घेणार नाही, घरी जा तू."

ते खरंच नाव घेणार नव्हते. आणि ती मुलं त्यांच्यापासून तुटली असती तर त्या माणसाचं काय झालं असतं, हे मला माहीत होतं. मी कोट घातला आणि त्यांच्यामागून निघाले. रस्त्याच्या टोकाच्या त्या घरापाशी आम्ही थांबलो.

बेल काकांनी वाजवली. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, गळ्यात अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र लटकत होतं, एका पायात बूट होता आणि एक हातात. आम्हाला बघून तिचा थकलेला चेहरा एकदम उजळला.

"अरे, दोघं मिळून? या न आत! असे बाहेर काऊन उभे राहिले?" ती म्हणाली. "पोट्टे त्रास तर नाही ना दिले? खरं सांगते काका, तुम्ही लोक आहात म्हणून मी निर्धास्त ड्यूटीवर जाते."

काकांनी टोपी काढली आणि बोलायला तोंड उघडलं. मी त्यांची बाही धरली.

"थांबा काका," मी म्हटलं. "आधी मी सांगते."